एक्केचाळीस खाचा

माझे भावोजी कवळ्या करायचे. दातांचा डॉक्टर तोंडात बघतो, माप घेतो, दारावर नावाची पाटी लावतो. कवळी प्रत्यक्ष करणारा माणूस मात्र मागच्या खोलीत प्लास्टर कालवत बसलेला असतो आणि त्याची कुणाला खबरबातही नसते. अडतीस वर्षं भावोजी असे मागच्या खोलीत बसले. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी केलेल्या दातांनी हसतात आणि ते रस्त्यात समोर आले तर त्यांना ओळखतही नाहीत. मला याचा भयंकर राग येतो. भावोजींना येत नाही. ते आपले त्या माणसाच्या तोंडाकडे बघतात आणि मला हळूच सांगतात, "खालचा डावा अजून जरा घासायला हवा होता."

अशा माणसाला आगगाडीचा नाद लागला, हे आमच्या घराचं कर्म. आणि आगगाडी म्हणजे खेळण्यातली नव्हे हं! खेळणं म्हटलं की भावोजी दुखावतात. खऱ्या गाडीचं माप घ्यायचं, त्याला सत्त्याऐंशीनं भागायचं आणि येईल तेवढंच करायचं, तसूभर जास्त नाही की कमी नाही, असा सगळा मामला. डबा वीतभर लांब, त्याच्या खिडक्या नखाएवढ्या, आणि त्या खिडक्यांना आतून पडदे. पडदे कोण बघणार आहे, असं मी एकदा विचारलं. "आत बसलेले," भावोजी म्हणाले, आणि खरंच आत दोन माणसं बसवलेली होती.

त्यांच्या घराची मागची खोली या गाडीनं कधीच गिळंकृत केली. तीन भिंतींना लागून छातीच्या उंचीवर फळ्या, फळ्यांवर रूळ, पूल, फलाट, सिग्नल. डोंगर कवळीच्या प्लास्टरचे. बोगदा आतून लिंपताना करडं मिश्रण संपलं, म्हणून हिरड्यांसाठी असतं ते गुलाबी वापरलं आणि ते तसंच राहून गेलं. बोगद्यात बॅटरी मारून बघितलं तर डोंगराला हिरड्या आहेत.

मी वरच्या मजल्यावर राहते. कोपऱ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. पहिली पाच वर्षं मी यथेच्छ टिंगल केली. "भावोजी, पुढच्या गाडीनं जरा बाजारात सोडा मला," वगैरे. ते हसायचे. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, तीसुद्धा हसायची, पण ती माझ्या बाजूनं हसत नव्हती हे मला फार उशिरा कळलं. तिला ती गाडी मनापासून आवडायची.

आता त्या गाडीची खरी गंमत सांगते. रूळ हातभर लांबीच्या तुकड्यांत मिळतात. तुकडे जोडले की जोडावरून चाक जाताना ट्क असा आवाज येतो. गाडी धावली की खोलीभर ट्क-ट्क-ट्क. सगळ्यांना तो आवाज आवडतो, भावोजींना नाही. कवळी करणारा माणूस! जिभेला कड लागता कामा नये, हे ज्याच्या हाडीमांसी मुरलेलं, त्याला रुळावरची कड कशी चालणार? त्यांनी एकेक जोड सोल्डरनं भरला, कानसला, दात घासायच्या पावडरीनं घासून गुळगुळीत केला. मग रुळाखाली बुचाच्या पट्ट्या घातल्या.

आणि हे सगळं तपासायला त्यांच्याकडे कोण? ताई. ताई एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. पलीकडच्या माणसानं नुसता श्वास घेतला तरी तो कोण आहे ते ती सांगायची. भावोजी तिला गाडीकडे पाठ करून बसवायचे, गाडी सोडायचे आणि विचारायचे, "सांग, कुठे आहे?"

"पुलाच्या अलीकडे, बोटभर."

झालं, की भावोजी कानस घेऊन पुलाच्या अलीकडे बोटभर. दर रविवारी हेच. किती वर्षं? चौदा! चौदा वर्षं एक माणूस आवाज पुसत होता आणि एक बाई तो शोधून देत होती. मग एका रविवारी ताई वैतागून म्हणाली, "अहो, सोडा ना एकदाची. किती वेळ पाठ करून बसायचं?" आणि गाडी तिच्या कोपराशेजारून जात होती. भावोजींनी त्या दिवशी अख्ख्या इमारतीला आइस्क्रीम वाटलं. कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही.

गाडी चालवायची म्हणजे नुसती गोल गोल फिरवायची नाही. तीन स्टेशनं होती. पहिलं शहर, ते भावोजींचं. शेवटची खाण, ती माझ्या गळ्यात मारलेली, कारण खाणीत फारसं काही करावं लागत नाही. मधलं जंक्शन ताईचं. तिथून पुढे एकच रूळ, म्हणून शहरातून आलेली गाडी जंक्शनला थांबायलाच हवी. जंक्शनच्या हद्दीत शिरली की गाडीचा वेग ताईच्या हातातल्या चकतीवर. हलक्या हातानं चकती उलटी फिरवत आणायची आणि गाडी फलाटाला लावायची. चौथे आमचे घड्याळजी. ते घड्याळं दुरुस्त करतात, एकटेच राहतात आणि भावोजींचे जिवलग दोस्त आहेत. त्यांनी एक घड्याळ असं करून दिलंय की ज्याचा तास पाच मिनिटांत संपतो. ते घड्याळाखाली वही घेऊन बसणार आणि कुठली गाडी किती उशिरा आली ते लिहिणार. तोंड असं गंभीर, की जणू माणसं खोळंबलीत फलाटावर.

आणि घंटा. ही ताईची कल्पना. प्रत्येक स्टेशनाला एक घंटा आणि एक बटण. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला दोन ठोके द्यायचे, म्हणजे 'घेतेस का?' पुढच्यानं एक ठोका दिला, म्हणजे 'घेते, सोडा.' उलट ठोका आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. चारजण एका खोलीत, एकमेकांच्या नाकासमोर. 'सोडू का' म्हणून विचारलं तर काय जीभ झिजते? पण नाही. घंटा म्हणजे घंटा. एकदा मी खाणीत जांभया देत बसले आणि ठोका द्यायला विसरले, तर भावोजी सहा मिनिटं नुसते उभे राहिले. हाक मारली नाही. मलाच शरम वाटली.

मग ताईचे डोळे गेले.

सगळे गेले नाहीत. मधलं गेलं. दाराची चौकट दिसायची, दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही. ताट दिसायचं, ताटातलं दिसायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, राहिलं आहे ते टिकवू. ताई "बरं" म्हणाली आणि घरी येऊन तिनं आपलं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. "तुला घे. मला काय उपयोग?" मी घेतलं नाही, तर तिनं ते टेबलावर ठेवून दिलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही.

तिथून ती मिटतच गेली. पेपर बंद. जिना उतरणं बंद. मैत्रिणींचे फोन यायचे, तर "झोपलीय म्हणून सांग" म्हणायची. टेलिफोन ऑपरेटर बाई फोन घेईना! मी चिडले, रडले, नाही नाही ते बोलले. काही उपयोग नाही. ती स्वयंपाकघरात बसायची आणि अंदाजानं भाजी चिरायची, आणि त्यातही मी मदतीला गेले तर माझ्या हातावर मारायची.

रविवार आला. आम्ही तिघं मागच्या खोलीत जाऊन आपापल्या जागी बसलो. ताई आली नाही. भावोजींनी शहराच्या बटणावर दोन ठोके दिले. जंक्शनची घंटा वाजली, टण् टण्. स्वयंपाकघर त्या खोलीला लागूनच. भिंतीपलीकडे विळीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. भावोजी पाच मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी मुख्य बटण बंद केलं आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दोन ठोके, पाच मिनिटं, चहा. महिना गेला, दोन गेले. चौथ्या महिन्यात माझा धीर सुटला. मी म्हटलं, "भावोजी, मी बसते जंक्शनला. खाणीत तसंही मी माशाच मारते. एक बटण तर दाबायचंय."

"ते स्टेशन तिचं आहे."

"अहो पण ती येत नाहीये! ती यायची नाही! तुम्ही काय जन्मभर ठोके देत बसणार?"

"तिनं अजून नाही म्हटलेलं नाही," भावोजी म्हणाले. "उत्तर दिलेलं नाही, एवढंच."

मी हात टेकले. घड्याळजींनी वहीत त्या तारखेपुढे काहीतरी लिहिलं आणि नाक शिंकरत बसले. मला आता वाटतं, त्या आठ महिन्यांत भावोजींनी जे केलं ते आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं. आम्ही सगळ्यांनी तिला ओढलं, रागावलो, समजावलं. त्यांनी दर रविवारी विचारलं, आणि उत्तरासाठी जागा सोडली.

सातव्या महिन्यात एक गोष्ट घडली. भावोजी इंजिनाला तेल घालून ते नुसतं पुढे-मागे करून बघत होते. थंडीचे दिवस होते. मी स्वयंपाकघरात ताईजवळ बसले होते. अचानक ताईनं मान वर केली आणि भिंतीकडे तोंड करून ओरडली, "अहो! बोगद्याच्या तोंडाशी टाका सुटलाय. चाक आपटतंय!"

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. मी धावत मागे गेले. भावोजी बोगद्याच्या तोंडाशी भिंग लावून वाकलेले. थंडीनं सोल्डर तडकलं होतं, केसाएवढी फट पडली होती. ते ती बुजवतील म्हणून मी बघत राहिले. ते बुजवेनात. फटीवर बोट ठेवून उभेच राहिले, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "रोज दुपारी हिला दोन तास वर घेऊन जा."

"कशाला?"

"काहीही सांग. पण ने."

मी सांगितलं की दुकानात बसून माझी कंबर धरलीय, मालिश करून दे. ताईला मालिश छान जमते. पंधरा दिवस माझ्या धडधाकट कंबरेची तिनं अशी काही कणीक तिंबली की ती खरोखरच दुखायला लागली. एके दिवशी मी तेलाची बाटली आणायचं निमित्त करून खाली उतरले आणि मागच्या खोलीत डोकावले. पाहते तो काय, भावोजी कवळीचे दात कोरायची मशीन घेऊन रूळ कापत होते!

मी किंचाळणारच होते. चौदा वर्षं! ज्या रुळावर नख अडकत नव्हतं, त्या रुळावर हा माणूस स्वतःच्या हातानं खाचा पाडत होता. त्यांनी मला बघितलं, मशीन थांबवली.

"आरपार नाही कापत," ते म्हणाले, मी तेच विचारणार असल्यासारखे. "आरपार गेली तर वीज तुटेल. नुसती वरून. बघ." आणि त्यांनी गाडी सोडली. ट्क. ट्क. ट्क. "तिला कळेल कुठे आहे ते. बघायची गरजच नाही."

मला हुंदका फुटला. मी त्यांना म्हटलं की तुम्ही वेडे आहात. ते म्हणाले, "तिला सांगू नकोस. पुऱ्या झाल्या की सांगू. आणि घड्याळजीला तर मुळीच नको. त्याला बघवणार नाही."

हीच चूक झाली. घड्याळजींना सांगायला हवं होतं.

एक्केचाळीस खाचा पुऱ्या झाल्या. तो शनिवार होता आणि ताईची डोळ्यांची तपासणी होती. भावोजी आणि मी तिला घेऊन सकाळीच दवाखान्यात गेलो. खोलीतल्या घड्याळाला तेल हवं होतं म्हणून किल्ली घड्याळजींकडे दिली होती. दवाखान्यात इतका वेळ गेला की आम्ही संध्याकाळी, अगदी गळून परतलो. डोळे होते तसेच आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. जीव भांड्यात पडला.

रविवारी भावोजींनी मुद्दाम गाडी चालवून बघितली नाही. ताईच्या कानावर पहिला आवाज ती जंक्शनला बसलेली असतानाच पडावा, अशी त्यांची इच्छा होती. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि म्हणाले, "आज ये. एकदाच."

"अहो, मला दिसत नाही."

"मला माहीत आहे. तू ये आणि ऐक."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ताई उठली. भिंत धरत आली. जंक्शनच्या स्टुलावर बसली, चाचपून बटण शोधलं, चकती शोधली. तिनं बोटं चकतीवर ठेवली. घड्याळजी आपल्या जागी, वही उघडून, आणि का कुणास ठाऊक, गालातल्या गालात हसत.

दोन ठोके. टण् टण्.

ताईनं ओठ घट्ट मिटले. मग बटण दाबलं. टण्.

आठ महिन्यांनी तो एक ठोका ऐकला मी! गाडी सुटली. ताईनं मान तिरकी केली, अगदी पूर्वीसारखी. भावोजी तिच्याकडे बघत होते, मी तिच्याकडे बघत होते. गाडी बोगद्यातून गेली, पुलावरून गेली, जंक्शनच्या हद्दीत शिरली. आवाज नाही. कुठलाच नाही. ताई वाट बघत होती. गाडी तिच्यासमोरून, फलाटाशेजारून तशीच पुढे निघून गेली. ती माझ्या हद्दीत आल्यावर तरी मी थांबवायला हवी होती, पण मी गाडीकडे बघतच नव्हते. खाणीत उभ्या असलेल्या मालगाडीवर ती जाऊन धडकली आणि इंजिन फळीवरून खाली फरशीवर पडलं.

त्या आवाजानं ताई दचकून उठली. "सोडली होतीत तुम्ही? कधी?" तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "मला ऐकूच आली नाही. आता कानही गेले का माझे?"

मी तिचा तो आवाज विसरणार नाही. ती वळली, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि स्वयंपाकघरात गेली. आणि आमचे घड्याळजी उठून उभे राहिले, चेहरा उजळलेला. "पण काय लोण्यासारखी चालली बघा! काल दिवसभर बसलो होतो. एक्केचाळीस टाके निखळले होते तुमचे, एक्केचाळीस! सगळे भरले, घासले, चकाचक केले. म्हटलं, वहिनींच्या आजारपणात यांना कुठून सवड होणार."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अर्ध्यावर त्यांना कळलं आपण काय केलंय, आणि ते मटकन प्लास्टरच्या पोत्यावर बसले. साठीचा माणूस, लहान मुलासारखं तोंड केलं त्यांनी. भावोजी बोगद्याच्या तोंडाशी गेले, रुळावरून नख फिरवलं, भिंग लावून बघितलं. मग म्हणाले, "सुरेख भरलेत रे. मला कधी इतके जमले नाहीत." आणि ते टोमणा मारत नव्हते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि हा माणूस कारागिरी बघत होता. पण मग त्यांनी फरशीवरचं इंजिन उचललं आणि ते मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

ताईला आम्ही तिघांनी सांगितलं. खाचा होत्या, त्या बुजल्या, तुझ्या कानांना काही झालेलं नाही. ती म्हणाली, "माझी समजूत काढू नका." घड्याळजींनी दारात उभं राहून कान पकडले, तर म्हणाली, "तुम्हीही सामील झालात?" चौदा वर्षं ज्यांनी आवाज पुसला त्यांनी तो परत आणला असेल, हे तिच्या डोक्यातच शिरेना. मलाही शिरलं नसतं.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी खाली गेले. मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आतून दात कोरायच्या मशीनचा तो किरकिराट. ताई भिंतीपलीकडे भाजी चिरत बसलेली, तोंड दगडासारखं. मी तिच्याजवळ बसले. मशीन थांबली. मग काही वेळ काही नाही. भावोजींनी शाबूत राहिलेलं दुसरं इंजिन रुळावर ठेवलं असावं.

ताईची विळीवरची बोटं थांबली.

पुन्हा मशीन. पुन्हा शांतता. पुन्हा बोटं थांबली. तिसऱ्यांदा तिनं खालचा ओठ दातांत धरला. मी श्वास रोखून बघत होते. तिला बोलायचं नव्हतं, पण चौदा वर्षांची सवय, ती कुठे जाते? तिच्या तोंडून निघूनच गेलं, "पुलाच्या अलीकडे, बोटभर."

मागच्या खोलीत काहीतरी खाली पडलं. बहुतेक कानस.

ताई उठली. हात पुसले. भिंत धरत मागच्या खोलीत गेली आणि दारातूनच कडाडली, "आणि सगळ्या एकसारख्या काय पाडताय? टेलिफोनच्या सगळ्या घंटा एकाच सुरात वाजल्या असत्या तर मी एकतीस वर्षं काय केलं असतं? बोगद्याला एक. पुलाला दोन जवळजवळ. फलाट लागायच्या आधी तीन. काही डोकं चालवायचं की नाही?"

"चुकलं," भावोजी म्हणाले.

त्या आठवड्यात ती रोज तिथं बसली. भावोजी खाच पाडायचे, गाडी सोडायचे, ती सांगायची, ही बोथट आहे, ही फार मोठी आहे, मालगाडीला वेगळी लागेल. घड्याळजींना तिनं शिक्षा दिली की जे जे भरलंत ते ते स्वतःच्या हातानं उकरा. त्यांनी उकरलं. एवढे सुरेख टाके उकरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं, पण हूं की चूं केलं नाही बिचाऱ्यांनी. एकुणात पुन्हा एक्केचाळीसच झाल्या, फक्त जागा बदलल्या. त्या ताईनं ठरवल्या होत्या.

रविवार आला. आम्ही आपापल्या जागी. ताई जंक्शनला, मनगटावर घड्याळ.

भावोजींनी दोन ठोके दिले. टण् टण्.

ताईनं लगेच एक ठोका दिला, अगदी ऑपरेटरच्या हातानं, खटकन. टण्.

गाडी हलली नाही. आम्ही सगळ्यांनी शहराकडे बघितलं. भावोजी उभे होते आणि त्यांनी डाव्या हातानं डोळे झाकून घेतले होते, खांदे हलत होते. आठ महिने ज्या माणसानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं! ताईला ते दिसत नव्हतं. तिला फक्त गाडी न सुटल्याचं ऐकू येत होतं. की तिला तेही ऐकू आलं, कोण जाणे, कारण तिचा आवाज जरा हळू आला. "अहो, घंटा दिली ना मी? मग सोडा की गाडी."

भावोजींनी गाडी सोडली. ट्क. बोगदा. ताईची मान तिरकी. ट्क-ट्क. पूल. तिची बोटं चकती उलटी फिरवायला लागली, हळूहळू, हळूहळू. ट्क-ट्क-ट्क. बोटं थांबली. गाडी थांबली.

ताईनं विचारलं, "कुठे थांबली?"

"फलाटाला," मी म्हटलं. मी नाक ओढलं.

"फलाटाला कुठे?"

मी डोळे पुसून नीट बघितलं. "बोटभर पुढे."

"मग तसं सांग ना. रडतेस काय?" आणि तिनं शहराकडे तोंड वळवलं. "ऐकलंत का? बोटभर पुढे जातेय. फलाटाशी अजून एक खाच लागेल."

भावोजी दात कोरायची मशीन आणायला उठले.